आपोआप बंद झालेली तक्रार

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की फोनच्या लाइनी तपासायच्या तुमच्या टेस्ट डेस्कवर किती बटणं होती हेही मला आता आठवत नाही. संशयाची सवय मात्र तुमचीच लागलीय मला. आज ऑफिसात एका नव्या यंत्रणेवर माझी सही हवी होती. कुठे बिघाड झाला की ती स्वतःच तक्रार नोंदवते, स्वतःच कारण शोधते आणि स्वतःच तक्रार बंद करते. माणसाला त्रास म्हणून नाही, असं तिचं कौतुक चाललं होतं. पडद्यावर सगळं हिरवंगार, सगळे खुशीत, आणि मी आपली तुमच्यासारखे डोळे बारीक करून त्या हिरव्याकडे बघत बसले. सही उद्यावर ढकलली आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं.

जुन्नरच्या टेलिफोन एक्स्चेंजात तुम्ही मेकॅनिक होतात. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कॉलेजला जाता जाता मी तुमचा डबा द्यायला यायचे, तेव्हा तुमचं सकाळचं पहिलं काम चाललेलं असायचं: डोंगरातल्या गावांचे सार्वजनिक फोन एकेक करून लावून बघायचे. आधी मढ, मग घाटघर. घाटघरचा फोन एका मावशींच्या ओसरीवर होता. "आवाज येतोय का?" असं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारायचात, "मावशी, कालवण काय केलंय आज?" पलीकडून यायचं, "हुलगं हायती भाऊ, येताय का जेवाया?" मग रजिस्टरच्या शेऱ्यात तुम्ही लिहायचात: घाटघर, ठीक, हुलगे. एकदा साहेबांनी ते वाचलं आणि सगळ्यांदेखत तुमची खरडपट्टी काढली, "हे एक्स्चेंज आहे का खानावळ?" मी शरमेनं अर्धी झाले. साहेब गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "आवाज येतोय का म्हणलं की आपली माणसं भिडंखातर व्हय म्हणत्यात. नुसती खरखर आसली तरी व्हय. कालवणाचं मातर ऐकू आल्याबिगर सांगता येत न्हाई." मला हसू आलं होतं. तुमच्या संशयातून काय सुटलं होतं? रेशनच्या काट्यावर संशय, एसटीच्या पाटीवर संशय. आईनं चहात साखर घातलीय म्हटलं तरी तुम्ही आधी एक घोट घेऊन खात्री करणार.

मग मी पुण्यात कॉम्प्युटर शिकले, एका कंत्राटदार कंपनीत लागले, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला तुमच्याच एक्स्चेंजात नवी यंत्रणा बसवायला आले. केवढा तोरा होता मला! आता यंत्र दर काही मिनिटांनी प्रत्येक लाइन स्वतः तपासणार होतं. पण पावसाळ्यात ओल्या तारा सारख्या तुटायच्या, लगेच जुळायच्या, आणि तक्रारींनी पडदा भरून जायचा. म्हणून मी एक नियम लिहिला. पाव तासात लाइन परत आली तर तक्रार बंद, पडद्यावर दिसायचीच नाही. तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात.

"बंद कोन करतंय?"

"आपोआप होते, अप्पा."

"आपोआप म्हंजी कोन? सही कुनाची?"

माझ्या कंपनीची माणसं गालातल्या गालात हसत होती. मी चिडले. सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "पुरे आता, अप्पा. लोकांना कालवण विचारत बसायचे दिवस गेले." दुसऱ्या दिवसापासून डोंगरातले फोन लावणं तुम्ही बंद केलंत. साहेबांनी रागावून जे थांबलं नव्हतं ते माझ्या एका वाक्यानं थांबलं. मला तेव्हा तो माझा विजय वाटला, हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी मावशींच्या मालकांची जीभ अडखळायला लागली, उजवा हात उचलेना. मावशी जुन्नरहून जीप मागवायला फोन फिरवत राहिल्या. फोन लागायचा, दोन शब्दांत तुटायचा. शेवटी दुपारच्या एसटीनं त्यांना खाली आणलं. जीव वाचला, पण हात आणि बोलणं गेलं ते गेलंच. लवकर आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. फोन अकरा दिवस असाच तुटत होता असं गावानं सांगितलं, आणि आमचा पडदा अकरा दिवस हिरवा होता.

चौकशी झाली. साहेबांनी यंत्राचा कागद टेबलावर आपटला. "यंत्र तर लाइन चालू दाखवतंय. मग चूक कुणाची?" मी त्याच खोलीत, भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत. "उन्हाळ्यात घाटघरच्या तारंचा जोड म्याच मारला व्हता, साहेब. कच्चा ऱ्हायला आसंल." माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. ठपका तुमच्या नावावर लागला, बदली घोडेगावला झाली. पण तुम्हाला ते लागलं नाही. तुम्हाला लागलं ते जुन्नरच्या बाजारात. समोरून मावशी आल्या, तुम्ही हात जोडलेत, आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी तुम्ही भाजी न घेताच घरी आलात. पुढे त्या तुमच्याशी कधी बोलल्या नाहीत, तुमच्या दहाव्यालाही आल्या नाहीत.

तेव्हापासून मी तुमच्या त्या एका वाक्यावर संशय घेत आले. अप्पा मला वाचवायला बोलले, की जोड खरंच कच्चा होता? तुम्हाला विचारायला मला भरपूर वर्षं मिळाली. घोडेगावहून तुम्ही दमून यायचात, पाय धुवायचात, माझ्या नोकरीचं कौतुकानं विचारायचात, आणि मी पगारवाढीचं सांगायचे. कच्चाच असेल, माणूस आहे, चुकतो, असं मी स्वतःला समजावत राहिले. आईलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "तेंचा जोड? कच्चा?" आणि उठून आत गेली.

खरं तर हे सगळं मावशींच्या ओसरीवर जाऊन सांगायला हवं. ते माझ्यानं होणार नाही, म्हणून कुठेच न जाणाऱ्या कागदावर लिहितेय. अप्पा, मला संशय कधी आलाच नव्हता. चौकशीच्या दिवशी सकाळीच मी नोंदी उघडून पाहिल्या होत्या. तार किती अंतरावर तुटतेय तेही यंत्र टिपून ठेवायचं. ती चढणीच्या खांबांवर तुटत होती, तुमचा जोड पार वर, गावात होता. पक्का होता. अकरा दिवसांतली एकूण एक तक्रार माझ्या नियमानं बंद केली होती. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच हे मला माहीत होतं, आणि तुम्ही बोललात तेव्हा मला हायसं वाटलं.