संध्यासाठी तंबोरा

३ मे १९९४, मंगळवार
आले: तंबोरा, नग एक. दिले: पंधरा रियाल. टॅक्सी: दीड रियाल. सोबत बकऱ्याच्या खुरांचा एक पट्टा, फुकट. मागितला नव्हता.

तंबोरा कसला! लाकडाचा मोठा वाडगा, त्यावर ताणलेले कातडे, वर निघालेले दोन दांडे, त्यांना जोडणारी आडवी काठी. सहा तारा — त्याही आतड्याच्या. भोपळा कुठे राहिला म्हणून मी गोणपाट झटकून पाहिले!

खालच्या मजल्यावरच्या वजीराला मीच विचारले होते, "तंबोरा कहीं मिलेगा?" ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "तंबूरा? मौजूद! मिया मिया!" म्हणजे शंभर टक्के. सूर नावाच्या गावी तिचा मामा आहे. त्याचे पणजोबा आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात ह्यालाच तंबूरा म्हणतात, आणि खुरांचा पट्टा कमरेला बांधून त्यावर नाचतात. ती कुठे खोटे बोलली?

हे ऑफिसातून आले, बघितले. "सुलोचना, तंबोऱ्याला शिंगं फुटली की!" जेवताना पुन्हा हसले. हसोत. पण संध्याला मी एप्रिलातच लिहून टाकलेय — तुझ्यासाठी तंबोरा घेतलाय, आता इकडे मस्कतलाच ये, घुब्ऱ्याच्या शाळेत नाव घालू. वस्तूच्या आधी पोच!

४ मे
संध्या सहा वर्षांची असताना तिला चिपळूणला वसुताईकडे ठेवले. इथे खर्च झेपेना. मी दोन वर्षे म्हणाले होते, पाच झाली. आता गाणे शिकते. मावशीला 'तू' म्हणते. मला पत्रात 'तुम्ही' लिहिते.

६ मे, शुक्रवार
वंदना आटोपून वाजवायला बसले. आधी मांडीवर आडवा घेतला, मग उभा, मग तान्ह्या बाळासारखा. सा काही सापडेना. मॅट्रिकला मला संगीत नव्हते, भूगोल होता. त्यात आफ्रिका होती. तरी फसले!

बेल वाजली. शेजारची मल्याळी बाई. "भाभी, आपका पाइप आवाज करता क्या?"

हो म्हणाले. पंचशीलातले एक शील तिथेच मोडले.

९ मे
खुरांचा पट्टा कमरेला बांधून पाहिला. हे दारात उभे! आज एवढेच.

१८ मे
संध्याचे पत्र आले. "ती. आईस नमस्कार. तुम्ही घेतलेला तंबोरा चांगला असेल. इथे बाईंकडे आहे. तुम्ही पाठवलेला फ्रॉक आखूड होतो. मावशी बरी आहे."

येते की नाही, त्याबद्दल अक्षर नाही. चार वेळा वाचले, पाठीमागेही पाहिले. फ्रॉकाचे माप मी जुन्या फोटोवरून काढले होते. हुशार बाई!

१९ मे, गुरुवार
वजीराला बोलावले. म्हटले, तुमचा तंबूरा परत न्या, पैसे राहू देत. (हे मीच बोलले का?) तिने तो जवळ ओढला. "ये मर्दों का काम. हमको सुन-सुन के आता है." आणि वाजवला. तेच ते सूर फिरून फिरून येत होते, पण मला उठवेना. माझ्या हातात पाइप होता तो!

मग मी तिला सगळे सांगितले. पेन्सिली, फ्रॉक, बाहुली, घड्याळ, आता हे. वजीरालाही तिच्या आईने लहानपणी झांझिबारला मावशीपाशी ठेवले होते आणि स्वतः मस्कतला आली होती. म्हणाली, "मेरे को भी सामान आता था. बहुत अच्छा सामान."

"और माँ?"

"आ गई ना. मैं बड़ी हो गई, तब." ती तार पिळत राहिली. "मैंने सलाम किया, चाय दिया. मेहमान को देते हैं, वैसा."

मी चहा केला. साखर घालायची राहिली. ती तसाच प्याली.

ह्यांना सांगितले. "आणि माझा डबा?" म्हणाले, आणि उठून कपाटात माझा पासपोर्ट शोधू लागले.

२१ मे
संध्याला आज टाकलेले पत्र, उतरून ठेवते —
"बाळ, मी घेतला तो तंबोरा नव्हता. तो परत दिला. तू इकडे ये, असे आता लिहिणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मीच तिकडे येते. परतीचे तिकीट काढलेले नाही. तुझ्या खोलीत माझी पथारी चालेल का? मावशीला विचारू नकोस, तूच ठरव. उलट टपाली कळव."