अपेक्षाचे लंगोट

छत्रपती संभाजीनगर

प्रिय माय,

तुझ्या मेघाचा जय भीम. फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहिते.

मी बरी हाय. काम जड नाय, ज्यांच्या घरी कामाला हाय त्या ताई चांगल्या हायेत. त्यांच्या बाळाला डायपरनं पुरळ उठलं, तर त्यांनी कापडी लंगोट आणले. मीच धुते, उन्हात वाळवते. आता त्याचं अंग साफ झालं.

माझ्या अपेक्षालाही तसंच पुरळ हाय ना? तुझे हात दुखतात, धुणं नको, म्हणून मीच डायपर आणून दिले होते. आता बंद कर. माझ्या जुन्या सुती साडीचे लंगोट शिवून एसटीनं पैठणला पाठवतेय. धुवायला शेजारच्या मनकर्णाकाकूला सांग. तू औषध घेतेस ना?

मागच्या रविवारी आले, तर लेकरू मला बघून भेदरलं अन् तुला बिलगलं. "रोज दिसत नाय ना तू तिला," तू म्हणालीस. मी हसले. बसमध्ये मात्र लई रडले.

साडीचा एक तुकडा मुद्दाम धुतला नाय. तो तिच्या उशाशी ठेव. माझा वास तरी तिच्या ओळखीचा राहू दे.

तुझीच,
मेघा