टोकाची जागा

३ मार्च

आई आज नाक्यावर बसल्या जागी कलंडली. माशांच्या पाटीवरच! सोबत मासळी विकणारी सुचिता धावली, तोंडावर पाणी मारलं, पदराने वारा घातला, मग मला फोन. मी पोचलो तोवर आई उठून गिऱ्हाईकाशी बोंबलांच्या भावावरून भांडत होती. मला बघून म्हणाली, "तू कशाला आलास काम सोडून?"

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन लागलंय, या वयात पुन्हा लागलं तर निभावणं कठीण. उन्हात बसायचं नाही म्हणजे नाही. आई त्यांना म्हणाली, "बरं." आणि रस्त्यावर आल्यावर मला — "उद्या लवकर सोड मला. बोटी पहाटे लागतात."

मार्च आत्ता कुठे लागलाय. वैशाख यायचाय अजून.

४ मार्च

गेली! ऐकते कोणाचं?

५ मार्च

नाक्यावरची ती जागा तिच्या सासूची. रस्त्याच्या कडेने दक्षिणोत्तर ओळ धरून सगळ्या बायका बसतात, आणि उत्तरेच्या टोकाला आई. टोकाची जागा मोक्याची — एसटीतून उतरलेलं गिऱ्हाईक आधी तिच्यापुढे येतं. कोणाची जागा कुठे संपते हे जमिनीवर काही लिहिलेलं नाही. पण वीतभर सरकून बघा! आईशेजारची सखुबाई आणि तिच्या पलीकडची सुचिताची सासू अशाच एका वितेवरून भांडल्या. ती सासू वारली, सुचिता तिच्या जागी आली, तरी सखुबाई तिच्याशी अजून बोलत नाही. दोघी बसतात मात्र मांडीला मांडी लावून.

मी म्हटलं, आई, आता पुरे झालं. तर म्हणे, "मी उठले का जागा गेली. मंग रतनला काय ठेवू?"

रतनने मासळी विकायचं कुठे ठरवलंय? आणि मी तर ठरवून टाकलंय — माझी बायको तिथे बसणार नाही. त्या उन्हात घरातलं एक माणूस बास झालं. रतन चहा गाळत होती.

७ मार्च

अख्ख्या मुरुडला सावली द्यायची आणि आपल्या आईच्या डोक्यावर मोडकी छत्री. लग्न, साखरपुडा, बारसं, बारावं — मांडव अनंताचा! आज जेवताना हे सुचलं.

ठरवलं. नाक्यावर सावली करायची. पत्रा नको. थांब्यावरच्या पत्र्याखाली मी उभा राहिलोय, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होतं. पत्रा आधी ऊन अडवतो आणि मग स्वतः तापून खाली ओततो. वरून ऊन अडलं पाहिजे आणि बाजूने खाडीचा वारा आला पाहिजे. हे मला येतं. एवढंच येतं.

९ मार्च

बायकांच्या ओळीच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे चार खांब रोवून कापड ताणलं. पांढरं. पांढरं कमी तापतं. म्हटलं, दहा पावलं मागे सरकून बसतील सगळ्या.

कोणी हललं नाही.

१० मार्च

हसू की रडू! माणगावहून कोणी गृहस्थ बसमधून उतरला, मांडव बघितला, चपला काढल्या, हात जोडले आणि सखुबाईला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

दुपारपर्यंत निम्मं गिऱ्हाईक वाट वाकडी करून गेलं. कोणाच्या मयताच्या मांडवापुढे सुरमई घासाघीस करून घेणार? बायकांनी मला शिव्या घातल्या. आई सगळ्यांत मोठ्याने — "मांडव कार्याला घालतात. कार्य न्हाय, पावना न्हाय, आन पांढरा मांडव! कुनाची वाट बघतोस रं?"

संध्याकाळी काढला.

१६ मार्च

होळी झाली. डोकं ठिकाणावर आलं. बायका सावलीकडे जाणार नाहीत, तर सावली त्यांच्यावर न्यायची. जो-तो आपापल्या जागी. पण त्यांच्यामध्ये खांब रोवणार कुठे? रोवला की त्याने कोणाची जागा खाल्ली यावरून युद्ध.

शिवदासकडे गेलो. त्याच्या बोटीची जुनी जाळी ओटीवर ढीग होऊन पडलीयत. म्हणाला, "ने सगली. बायको रोज बोंबलते त्यावरनं." मागच्या नारळांपासून समोरच्या दुकानांच्या गच्चीपर्यंत दोर ताणायचे, उंच, खालून एसटी जाईल असे. दोरांवर दुहेरी जाळं, आणि जाळ्यात झावळ्यांचे विणलेले झाप अंतराअंतराने ओवायचे. मध्ये फटी राहतील, त्यातून गरम हवा वर निघून जाईल. वारा आला की सगळं हलेल. खाली ऊन चाळून पडेल.

१८ मार्च

अडचण! उत्तरेच्या टोकावरून विजेच्या तारा जातात. तिथे जाळं नेता येत नाही. आणि तिथेच आई.

१९ मार्च

सुटलं! आज भर दुपारी नाक्यावर उभा राहून काठी धरली. सूर्य माथ्यावर नाही, दक्षिणेला कललेला आहे, सावली उत्तरेला पडते. म्हणजे जाळं तारांच्या अलीकडेच थांबवायचं, सावली आपसूक चार हात पुढे जाऊन आईवर पडेल. सावली जिथवर जाईल तिथे चुन्याने रेघ मारली. सकाळी सावली पश्चिमेला जाते, दुपारी पूर्वेला, म्हणून रुंदी जास्त घेतली. सगळा हिशेब बसला. आई म्हणाली, "चुना कशाला सांडतोस?" मी म्हटलं, तुझी सावली आखतोय.

स्वतःवर खूश आहे. लिहून ठेवतो, रोज रोज हे होत नाही.

२२ मार्च

जाळं लागलं. दुपारी आई सावलीत! रेघेच्या आत, अख्खी. मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "जाल्याखाली मासली असते, मानूस बसलेला पयलाच." सगळ्या हसल्या. मग मला जवळ बोलावून तिने एक सरंगा कागदात बांधून दिला. म्हणाली, "मजुरी." आणि सखुबाईला ऐकू जाईल असं, "माझ्या लेकानं केलं."

माझ्या कामाबद्दल ती कधी एक शब्द बोललेली नाही. सरंगा रतनने तळला.

३ एप्रिल

नाका बदललाय. रिक्षावाले गाड्या सावलीत लावतात. शाळेच्या मुली बस येईपर्यंत बायकांच्या मागे येऊन बसतात. मशिदीतले म्हातारे चाचा नमाजनंतर थांबतात, "बड़ी राहत है, अनंताभाई," म्हणतात. कार्य नाही, आमंत्रण नाही, तरी माणसं बसतात. हा असा मांडव मी आयुष्यात घातला नव्हता.

११ एप्रिल

लग्नसराई लागली. उद्या माणगाव, मग तिथूनच श्रीवर्धन. कामाच्या पोरांना घेऊन महिनाभर बाहेर. आईला बजावलंय. "सावलीतच हाय की रं मी," म्हणाली.

२१ एप्रिल

माणगाव. हायवेवर डांबर मऊ झालंय. हॉलवाल्याला पत्रा काढून झाप घाला म्हटलं तर हसला. घरी फोन. सावलीत आहेस ना? "हाय, हाय."

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. तीन मांडव एका दिवशी. फोन केला, सावलीत आहेस ना? "हाय. तू जेवलास का?"

७ मे

श्रीवर्धनला आलो. उकाडा असा की बांबू हाताला चटके देतो. रतन फोनवर म्हणाली, "अहो, आई हल्ली जेवत नाहीत नीट." मी म्हटलं, उन्हाळा आहे, ताक दे.

१२ मे

दुपारी बोहल्याचे खांब उभे करत होतो. एक खांब ओळंब्यात धरला आणि खाली बघितलं — खांबाला सावलीच नाही! बुंध्याभोवती टिकलीएवढी. वर बघितलं. सूर्य बरोबर डोक्यावर.

मी तसाच उभा राहिलो. मुलं विचारत होती, काका, खांब सोडू का?

माझे मांडव तीन दिवसांचे. हळदीला घालायचे, मांडव परतला की काढायचे. दिवसभरात सावली कुठून कुठे जाते ते मला झोपेतही सांगता येतं. पण तीन दिवसांत सूर्य जातो कुठे? मार्चमध्ये तो दक्षिणेला होता म्हणून माझी सावली चार हात पुढे पडत होती. तो रोज थोडा वर चढत होता आणि सावली रोज थोडी मागे येत होती. आज ती जाळ्याच्या बरोबर खाली. तारांच्या अलीकडे. आई तारांच्या पलीकडे.

आईला फोन — उचलला नाही. बोहला मुलांवर टाकला आणि निघालो. दिघीला जंगलजेटी, खाडी पार करणारी फेरीबोट, समोरून सुटली. दुसरी येईपर्यंत त्या धक्क्यावर मी सावली शोधली नाही. लाज वाटली.

१२ मे, पुढे

आई उन्हात बसली होती. टॉवेल भिजवून डोक्यावर. चुन्याची रेघ पुसट दिसत होती, तिच्या पलीकडे. आणि सावलीची कड तिच्या गुडघ्यापासून चांगली दोन-तीन हात लांब. त्या कडेच्या आत सगळ्या बायका, गार.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. ती म्हणाली, "तू गेलास तवा पाय तरी सावलीत व्हते."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझ्या लेकाची सावली हालली म्हनून? ही सखू हसली असती." मग डोक्यावरचा टॉवेल सारखा करत, "तू लांब व्हतास, बाबा. कामावर."

अंगाला हात लावला तर तापलेली, आणि घामाचा टिपूस नाही. बोलताना जीभ जड. मला मध्येच माझ्या बापाच्या नावाने हाक मारली. उचलली. एवढीशी राहिली होती. शिवदासने गाडी काढली, रतनने बर्फाची पाटी मांडीवर घेतली — मासळीचाच बर्फ. इथल्या दवाखान्यातून अलिबागला पाठवलंय. व्हरांड्यात बसून लिहितोय. हात थांबला की भीती वाटते.

१३ मे

आई गेली.

१४ मे

दारात मांडव मीच घातला. मुलं म्हणत होती आम्ही करतो. कोणाला हात लावू दिला नाही. पांढरं कापड तेच, मार्चमधलं.

१७ मे

सुचिता भेटायला आली. मला राग आवरला नाही. म्हटलं, तुमच्यापासून तीन हातांवर म्हातारी भाजत होती आणि एकीलाही वाटलं नाही, ये म्हणावं?

ती रडली. "कशी सांगनार, भाऊ? ती आत आली असती तर सखुबाईच्या जागंवर. सखुबाई हलली तर माझ्या. मी मावशीला म्हटलं एकदा, दुपारची माझ्या मांडीला टेकून बसा. मला म्हनली, आज तुझी मांडी, उद्या लोक म्हनतील सोनूबाईनं जागा सोडली. मंग माझ्या सुनंचं काय?"

रेघ मी मारली होती. बायकांनी फक्त आपापली जागा राखली. आईनेही.

रतन दारात उभी राहून ऐकत होती.

२३ मे

उद्या बारावं. बाराव्यानंतर जाळं उतरवायचं. शिवदासला परत देतो. अर्धवट सावली कोणाच्या डोक्यावर नको.

२५ मे

सुरी आणि शिडी घेऊन गेलो. वर चढण्याआधी सहज ओळीकडे बघितलं आणि ओळ ओळखू येईना. सगळ्या दक्षिणेकडे सरकल्या होत्या, चार चार हात. सखुबाईची पाटी सुचिताच्या पाटीला खेटून. माझी चुन्याची रेघ उन्हात एकटी. आणि सावलीच्या आत, उत्तरेच्या टोकाला, आईच्या पाटावर रतन बसली होती. मला न विचारता. समोर बोंबील.

सखुबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जून लागला का सावली आनखी हालंल ना रं? मंग आदीच सांग. आमी सरकू."

सुरी खिशात घातली. शिडी लावली आणि दोर सैल करायला वर गेलो. जाळं आता लोखंडी कड्यांवर घेतो, दर महिन्याला सूर्याप्रमाणे पुढेमागे ओढता येईल असं.