दुखत नाही म्हणजे बरं आहे

सोमवार, ३ जून
बायकोने आज माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम शोधून काढली. नको तिथे बघायची सवयच तिला. म्हणे, तुम्हाला शुगर आहे, पायांच्या डॉक्टरकडे चला. बुटांच्या दुकानात उभी हयात लोकांचे पाय हाताळण्यात गेली, आणि पाय मला कोण शिकवणार? शिवाय दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरी होतेय.
संकल्प : उद्यापासून साखर बंद. रोज गरम पाण्यात पाय.

बुधवार, ५ जून
साखर बंद. (मालकांच्या मुलीला नोकरी लागली म्हणून केक. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.) बादलीत पाय घातले. छान कोमट. बायकोने हात घालून बघितला आणि किंचाळली. बोटं लाल झाली तिची. बायकांना सहनशक्ती म्हणून नाही.

शनिवार, ८ जून
डॉक्टरकडे गेलो. स्वतःहून. (बायको दार अडवून उभी होती, तो वेगळा मुद्दा.) डॉक्टर म्हणजे आपल्या मुलीच्या वयाची. म्हणाली, काका, डोळे मिटा, तळव्याला दोरा लागला की हो म्हणा. बराच वेळ काही होईना. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये म्हणून अंदाजाने दोन-चारदा हो म्हटलं. ती म्हणाली, काका, मी अजून सुरुवातच केली नाही.
मग तिने माझा बूट उलटा करून झटकला. टणकन एक खिळा फरशीवर पडला. टोकाला वाळलेलं रक्त. मी म्हटलं, आत्ताच पडला असेल आत. बायकोने खिळा उचलून पर्समध्ये टाकला. ती गप्प बसली की मला फार भीती वाटते.
हुकूम : उभं राहायचं नाही. मऊ सपाता. रोज ड्रेसिंग. रोज आरशात तळवे बघायचे.

मंगळवार, ११ जून
सपाता पिशवीत. ते ध्यान पायात घालून टोकदार लेदर बूट कसे विकणार? सेल्समनने दुकानातलेच बूट घालायचे आणि बसायचं फक्त गिऱ्हाइकाने, हा आमच्याकडचा नियम. रजा मागावी तर मालक कायमचीच देतील. ड्रेसिंग उद्यापासून नक्की.

गुरुवार, १३ जून
अंगात कसकस. हवा बदलली असणार. एक बाई नाक मुरडून दुसऱ्या सेल्समनकडे गेल्या. मोज्यांवर सेंट मारला.

शुक्रवार, १४ जून, सकाळी ६
लाली घोट्याच्या वर. अंगठा काळा. चिमटे काढले. टाचणी टोचली. काही नाही. अरे बाबा, हात जोडतो, एकदा तरी दुख! मला भीती वाटतेय. बायकोला उठवतो.

सोमवार, २४ जून, हॉस्पिटल
अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. सर्जन गुडघ्याखालून काढू म्हणत होते. ती डॉक्टर मुलगी त्यांच्याशी भांडली म्हणे, आणि तिने पाऊल वाचवलं. नोकरीचं मालक बघू म्हणाले. म्हणजे गेलीच.
आज ती नव्या बुटांचं माप घ्यायला आली. नंबर विचारला. मी म्हटलं, सात, पहिल्यापासून सात. तिने धड पायाला मापाची पट्टी लावली. नऊ. म्हणाली, काका, इतकी वर्षं बोटं दुमडून चालत होतात तुम्ही. मी म्हटलं, पट्टी चुकीची असेल. तिने पुन्हा लावली. नऊच.
बायको पलंगाशी उभी. म्हटलं, आता ऐकवणार. ती डॉक्टरला म्हणाली, पट्टीच जुनी असेल हो तुमची.
मी तोंड भिंतीकडे केलं आणि रडलो.