जुन्या इंजिनाचा नवा जोर

प्रिय अक्षया,

आधी हे सांगतो की बोट उठली! म्हणजे खरंच उठली गो, पाण्याच्या वर! नाक खाली आलं, मागचा भाग वर आला आणि ती अशी सुटली की माझ्या दोस्ताची, संदेशची टोपी उडून खाडीत गेली आणि आम्ही ती घ्यायलासुद्धा थांबलो नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसून सगळं मोडलं असतंस, म्हणून लिहायला बसलोय. हात अजून ग्रीसचे आहेत, कागदावर डाग दिसले तर समजून घे.

बोट तू पाहिली आहेस. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्यांचा धंदा बंद पडला तेव्हा माडाखाली उपडी घालून ठेवलेली, तीच ती फायबरची पांढरी. ती मी स्वस्तात घेतली, आणि तिच्याबरोबर तिचं जुनं इंजिनही मिळालं. मी ते घरी आणलं तेव्हा आईने विचारलं, "हे काय, मेल्याने भंगाराचं दुकान काढलंय का?" नवं इंजिन घ्यायचं म्हणजे माझ्यासारख्या बर्फाच्या कारखान्यात काम करणाऱ्याने स्वप्नातच घ्यायचं. तेव्हा आहे त्याच इंजिनातून जोर काढायचा, असं ठरवून मी मिरकरवाड्याला केरूकाकांना गाठलं. त्यांची हयात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. आता घरी बसून कंटाळले होते. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली.

मला वाटलं होतं काहीतरी भारी भाग बसवायचा, की झालं. काका म्हणाले, "आधी ह्याची तब्येत बघू दे. आजारी माणसाला शर्यतीत पळवशील काय?" एका सिलिंडरचा दाब कमी निघाला. उघडलं तर आत काजळीचा हा थर, पिस्टनच्या रिंगा चिकटून बसलेल्या. ते सगळं साफ केलं, रिंगा बदलल्या, कार्बोरेटर खोलून रॉकेलात धुतला, पेट्रोलची तडकलेली नळी काढून नवी घातली, प्लग नवे बसवले. पहिल्यांदा दोरी ओढल्यावर इंजिन जे धडधडलं, त्याने शेजारच्या कोंबड्या कौलांवर जाऊन बसल्या. मी तर नाचलोच.

आणि मग पाण्यात गेलो, आणि फजिती झाली. इंजिन ओरडतंय, धूर निघतोय, बोटीचं नाक आभाळाकडे आणि आम्ही जागच्या जागी पाणी घुसळतोय. तुमच्या गावच्या कालवं काढणाऱ्या बायका समोरच्या काठच्या खडकांवर शिंपल्या फोडत होत्या. त्यातली एक हात हलवून ओरडली, "ओढून नेऊ काय रे?" तू त्यांच्यात नव्हतीस, एवढंच नशीब. संदेश म्हणाला, "विकून टाक, सुजय. ह्याच्यात दम नाय." मला खरंच रडू आलं होतं. हे जमलं नाही तर मला तुला काय उत्तर द्यावं लागेल, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

केरूकाका मात्र बोटीच्या कडेला हात लावून नुसते बघत होते. मग म्हणाले, "दम आहे, पण वजन त्याच्या वर आहे. हिने पाणी प्यायलंय." आम्ही बोट ओढून वर घेतली, तळाची फळी कापली. अगो, आतला सगळा फोम भिजून दगड झाला होता! वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं. घमेलीच्या घमेली काढली. कोरडा फोम भरून फायबरने पुन्हा बंद केलं. मग इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा. तो आधीच्या मालकाने वाळूत घासून वेडावाकडा केलेला आणि आमच्या बोटीला जडही. संदेशकडे एक जुना पण सरळ पंखा पडला होता, कमी पिचचा, म्हणजे इंजिनाला फिरवायला हलका. ज्याने विकून टाक म्हटलं, त्यानेच तो आणून दिला. शेवटी काकांनी इंजिन दोन बोटं वर चढवून बसवलं, कारण ते फारच खोल बसून पाणी अडवत होतं. बस्स. एवढंच. ताकद आधीपासून आत होती, ती कुठे कुठे वाया जात होती ते शोधून काढायचं होतं.

त्यानंतरचं तुला पहिल्याच ओळीत सांगितलं! टोपी गेली तरी संदेश "अजून खेच! अजून खेच!" करत होता. परत आल्यावर केरूकाकांनी इंजिनावरचं खारं पाणी स्वतःच्या पंच्याने पुसलं.

आता खरी गंमत ऐक. काल आई म्हणाली, "मलाही बसव." खाडीकाठी जन्म काढलेली ही बाई, पण असल्या बोटीत कधी पाय ठेवला नव्हता. लाइफ जॅकेट घातलं, वरून पदर घट्ट खोचला आणि पुढे बसली. मी हळू चालवत होतो, तर मागे वळून म्हणते, "पळते म्हणालास ना? मग पळव की!" पळवली. तुझ्या गावच्या धक्क्याजवळ मी वेग कमी केला. आई तुमच्या वाडीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लांब लांब म्हणून मी तुला अडवत होते. हे तर माझ्या माहेरापेक्षा जवळ." आणि डोळे पुसले. वाऱ्याने पाणी येतं म्हणाली.

अक्षया, तू विचारलं होतंस, "कालवांचं काम आणि घरात एकट्या कमळामावशीला सोडून मी तिकडे येणार नाही, तू लग्न करून इकडे राहायला येशील का?" तिकडून पुलावरून दोन बस बदलून मला कामावर वेळेत पोचता येत नाही, पहिली फेरीबोटही माझी पाळी सुरू झाल्यावर सुटते, म्हणून मी "बघतो" म्हणालो होतो. तर बघितलं. मी येतो. मालकांनी उजाडल्यानंतरची पाळी द्यायचं कबूल केलंय. पावसात खाडी खवळली की मी फेरीबोटीने जाईन आणि उशिरा पोचेन, तेही त्यांना चालेल. आईला दर रविवारी आपण दोघांनी जेवायला यायला हवंय, एवढीच तिची अट. येत्या रविवारी भरतीच्या पाण्यावर मी तिला घेऊन रीतसर मागणी घालायला येतोय. आई आता थांबायला तयार नाही, माझा तिच्यापुढे काही इलाज चालत नाही. तुझं मन बदललं असेल तर आधीच कळव, कारण तिने ठेवणीतलं लुगडं आतापासूनच उन्हात घातलंय.

तुझाच, आणि आता तुझ्याच काठचा,
सुजय