सबनीस डॉक्टरांची शिफारस

एडिसन, रविवार

ती. मीनाक्षीताईस,

रुपालीचा वाकून नमस्कार (पाठ धरल्यामुळे वाकणं मनातल्या मनात). तुझी शुगर, भाऊजींची कवळी आणि नागपूरचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे सगळे मजेत, म्हणजे प्रताप मजेत (नवऱ्यांना काय). हे हातानं लिहितेय, कारण माझा फोन तांदळाच्या डब्यात आहे. भिजलेला नाही. मीच त्याला तिथं कोंडलाय.

आपल्या निधीचं मेडिकलचं चाललंय ते तुला ठाऊकच आहे. इथं नुसते मार्क पुरत नाहीत गं, शिफारसपत्रं लागतात. लिहिणारा ती परस्पर कॉलेजच्या पोर्टलवर टाकतो आणि मी ती वाचणार नाही असं पोरीकडून आधीच लिहून घेतात (म्हणजे आईनंही वाचायची नाहीत, घ्या). निधीनं तिच्या दोन प्रोफेसरांची नावं दिली. मी म्हटलं, एखादं वजनदार नाव हवं. आमच्या मराठी मंडळाचे डॉ. यतीन सबनीस, हार्ट सर्जन. निधी म्हणाली, "आई, ही डझन्ट इव्हन नो मी." अगं, गणपतीत तिच्या हातचे मोदक मागून मागून खाल्ले त्यांनी, आणखी काय ओळख हवी? मी फोन केला. बारीक आवाजात म्हणाले, लिहितो. लगेच निधीला त्यांचं नाव पोर्टलवर घालायला लावलं. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मीच मजकूर तयार करून व्हॉट्सॲपवर धाडला, म्हणजे त्यांना नुसती सही. मुलगी हुशार, नम्र, सेवाभावी, आणि आईचे संस्कार (हे तीनदा आलं, पण ओघात आलं).

उत्तर नाही. मी रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट आठवण करत राहिले. आणि एक दिवस मंडळाच्या ग्रुपवर कळलं की डॉक्टर गेले. कॅन्सर होता, घरच्यांखेरीज कुणाला पत्ताच नव्हता. लाजेनं मेले मी, ताई. अंत्यसंस्काराहून परतताना गाडीतच माझ्या शेवटच्या मेसेजवर ब्लू टिक आली. प्रताप म्हणाला, त्यांची बायको फोन बघत असेल. असेल बाई. पण दुसऱ्या दिवशी पोर्टलवर झळकलं, डॉ. सबनीस यांचं पत्र मिळालं. प्रताप म्हणाला, सिस्टीम स्लो असते. तेव्हा फोन डब्यात गेला.

मागच्या आठवड्यात निधीचा इंटरव्ह्यू झाला. तिथल्या बाईंनी कौतुकानं त्या पत्रातलं एक वाक्य तिला वाचून दाखवलं आणि ती पांढरीफटक होऊन घरी आली. ही पोर हॉस्पिसमध्ये व्हॉलंटियर करते ना, शेवटच्या दुखण्यातल्या माणसांपाशी बसते, तिथंच होते सबनीस. पेशंटबद्दल घरी बोलायचं नाही हा नियम, म्हणून ती गप्प. (माझ्या फुलांचे मेसेज त्यांना हीच वाचून दाखवायची म्हणे. हसायचे.) वाक्य असं होतं : ही मुलगी मला एकदाही बरे व्हाल असं खोटं बोलली नाही, आणि मी गेल्यावर माझ्या सपाता तिनं पलंगाखाली नीट जोडून ठेवल्या.

ताई, सपाता तिनं खरंच जोडून ठेवल्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि तिनं हे कुणाला सांगितलंही नव्हतं. मला आधी रडू आलं, की माझ्या लेकीला कुणीतरी इतकं ओळखलं, जे मला त्या लांबलचक मजकुरात जमलं नाही. मग घाम फुटला. इंटरव्ह्यूच्या बाईंना वाटलं, ‘मी गेल्यावर’ म्हणजे डॉक्टर डिस्चार्ज घेऊन घरी गेले. उद्या कुणी तारखा ताडून पाहिल्या तर पत्र बनावट ठरेल आणि पोरीचा डॉक्टर व्हायचा रस्ता कायमचा बंद. निधी म्हणते, "लेट इट बी, आई. इट्स द ओन्ली ऑनेस्ट वन." माझा मात्र घास उतरत नाही.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी,
रुपाली

ता. क. आता खरं काम. तू डॉक्टर आहेस, निधीला ओळखतेस आणि देवाच्या दयेनं हयात आहेस. सबनीसांच्या जागी तुझं पत्र लावता येईल का, कॉलेजला विचारते. मजकूर सोबत जोडलाय (संस्कार एकदाच ठेवलेत). तू फक्त सही कर.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात निधी लॅपटॉप घेऊन खाली आली. पोर्टलवर तुझं पत्र मिळाल्याचं दिसतंय. तुझं नाव आम्ही कुणी तिथं अजून घातलेलंच नाही. प्रताप मघापासून तुला फोन लावतोय, तू उचलत नाहीस. ताई, सही राहू दे. फोन उचल गं.