आपल्याकडचा माल

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मी ठणठणीत आहे, हे आधी आईला वाचून दाखवा.

गेल्या महिन्यात आमच्या कारखान्यात आपल्या देशातून व्हॉल्व्ह आले. तपासायचं काम माझं. पहिल्याच पेटीतले गळायला लागले.

"काय रे, हाच का तुझा देश?" फोरमन हसला.

गुपचूप पास करावेत असं क्षणभर वाटलं. मग सगळा माल परत पाठवला. त्या दिवशी डबा तसाच राहिला. तुम्ही अख्खा जन्म लेथवर काढलात, म्हणून सांगतो: राग फोरमनचा नाही, आपल्याच लोकांचा आला.

काल आपल्याकडून नवा माल आला. थेंबभरही गळला नाही. मी शिक्का इतका जोरात मारला की फोरमन ओरडला, "अरे, टेबल आमच्या देशाचं आहे!"

तुमच्या खोकल्याचं खरं कळवा. उगाच पास करू नका.

तुमचाच,
धाकटा